लांब भरलेला डबल बाँड

भोकरदनच्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. इतक्या वर्षांत कुठल्या पोरानं फिरवलं नसेल एवढं माझं डोकं प्लास्टिकच्या एका किटनं फिरवलं आहे.

किट म्हणजे रंगीत गोळे आणि ते जोडायच्या काड्या. गोळा हा अणू, काडी हा बंध. सिंगल बाँडला आखूड, ताठ काडी. डबल बाँडला दोन हव्यात, पण दोन ताठ काड्या त्या भोकांत बसतच नाहीत. म्हणून लांब, वाकणाऱ्या नळ्या दिलेल्या. आणि शिकवायचं काय, तर बाँड ऑर्डर वाढली की बाँड लेंथ घटते. दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनच्या जोड्या जितक्या जास्त, तितके ते अणू जवळ ओढले जातात. आता ही नळी हातात धरून हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

बाकीच्यांना काही फरक पडत नव्हता. मी सांगायची, ते लिहून घ्यायचे. अडली ती एकटीच, टेलरची मुलगी. बारावीला रसायनशास्त्रात नापास झालेली. अब्बांनी बजावलं होतं, आणखी एकदा बसून बघ, न्हाई जमलं तर शिक्षण बंद. फार्मसीला जायचं तिच्या मनात होतं, आणि ते या एका विषयावर अडलं होतं.

तिनं दप्तरातून कापडाची टेप काढली आणि नळीच्या वळणावरून फिरवली, ब्लाऊजचा मुंढा मोजतात तशी.

"मॅडम, डबल बाँड लांब भरून राह्यला."

"वळणावरून नाही मोजायचं. या गोळ्याच्या मध्यापासून त्या गोळ्याच्या मध्यापर्यंत, सरळ."

तिनं सरळ मोजलं. तरी डबलच लांब भरला. मागच्या बाकावर पोरं फिदीफिदी हसली. मला त्यांचा राग आला, किटचा आला आणि खरं सांगायचं तर तिचाही आला.

मी फळ्यावर आकडे लिहिले. कार्बन-कार्बन सिंगल बाँड एकशे चौपन्न पिकोमीटर, डबल एकशे चौतीस, ट्रिपल एकशे वीस.

"हे कुणी मोजलं?"

"शास्त्रज्ञांनी. स्फटिकावर क्ष-किरण सोडून."

"आपल्या लॅबमधी करता येईल?"

"नाही."

"मंग तुम्ही कसं मानलं?"

मला तसं शिकवलं होतं म्हणून. पण हे वर्गात बोलता येईना. तास संपला.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये ब्लेड घेऊन नळ्या कापायला बसले. आखूड केल्या तर वाकेनात. जोर लावून एक बसवली, दुसरी बसवताना पहिली निसटली आणि काळा गोळा टणटणत कपाटाखाली गेला. झाडू घालून तो काढताना मी त्या किटवाल्याला मनातल्या मनात असल्या शिव्या दिल्या की इथं लिहिता येणार नाहीत.

शेजारच्या टेबलावरचे सर चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, कशाला जीव काढून राह्यल्या? ऑर्डर वर, लेंथ खाली. एवढं घोकून घ्या तिच्याकडून. बिलकुल सोपं काम."

मी त्यांच्यावर भडकले. म्हटलं, अख्ख्या वर्गात एक पोरगी स्वतः मोजून बघते, आणि तिलाच घोकायला लावू?

पुढे सराव परीक्षेत तोच प्रश्न आला. तिनं लिहिलं, डबल बाँड लांब. मी लाल शून्य दिलं. दुसरं काय देणार? तिनं पेपर बघितला, घडी घालून दप्तरात ठेवला. त्यानंतर वर्गात तिनं काहीच विचारलं नाही.

बोर्डाच्या निकालानंतर ती पेढे घेऊन आली. पास झाली होती, चांगल्या मार्कांनी.

"बाँड लेंथचा प्रश्न आल्ता मॅडम. बराबर लिहिला."

मला केवढा आनंद झाला. "म्हणजे शेवटी पटलं तुला!"

"न्हाई. पाठ केलं." ती हसली. "पटायची वाट बघत बसले असते तर घरीच बसले असते ना."

मी पेढा तोंडात टाकला, तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचं अगदी बरोबर होतं, आणि त्याचाच मला भयंकर संताप आला.