बॅगेत राहिलेली झूम लेन्स

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता लपवायचाही कंटाळा आलाय — म्हणून तुम्हाला सांगतोय.

कोल्हापुरात लग्नांचे फोटो काढण्यात माझी हयात गेली. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हा मी पन्नासची फिक्स लेन्स घेतली. तिच्यात चेहरा उठून दिसतो, मागचं धूसर होतं. पण जास्त माणसं घ्यायची तर आपणच मागं सरायचं. झूम आळशांची, मी पायांनी झूम करतो — असं चहाच्या गाडीवर बाकीच्या फोटोग्राफरांपुढं मिरवायचो. काय गरज होती?

हुपरीच्या एका मुलीचं लग्न होतं. वडील नव्हते. आईनं चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडून घर चालवलेलं. विधवेनं कशाला पुढं यायचं, म्हणून त्या स्टेजखालीच बसून होत्या. मुलगी अडून बसली — आई आल्याशिवाय फोटो नाही. शेवटी त्या आल्या. सगळ्यांत कडेला, सोफ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

माझ्या पाठीशी पंगत बसलेली. मागं सरायला जागा नाही. त्या फोटोत मावत नव्हत्या — आणि ते मला दिसत होतं. झूम पायाशी, बॅगेत. पण चहाच्या गाडीवरचा एक फोटोग्राफर शेजारीच उभा. त्याच्यादेखत लेन्स बदलायची? दाबलं बटण.

अल्बम द्यायला हुपरीला गेलो, तेव्हा मुलगी माहेरी आली होती. पानं उलटून तिनं विचारलं, आई कुठं आहे? मी सांगितलं, ऐन वेळी त्या बाजूला झाल्या. त्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग लेकीला म्हणाल्या, "व्हय गं. मीच बाजूला झाले."

"एवढं सांगून बी तू उभारली न्हाईस व्हय, आई?" लेक रडायला लागली.

का म्हणाल्या असतील तसं? मला वाचवायला? मी विचारलं नाही. पुढ्यातला चहा संपवला आणि एसटी धरली. लाज वाटत होती, तरी संपवला.

तिची आई वारल्यावर ती मुलगी एकदा माझ्या दुकानात आली. लग्नातला आईचा एखादा तरी फोटो असेल का, म्हणाली. मी नाही म्हणालो.

मूळ फोटोत सोफ्याच्या कडेवर एक हात आला होता — बांगडी नसलेला. अल्बम करताना मीच तो कापला होता.