चौदा नंबरातला नारळ

फजितीचे किस्से म्हणजे घरातल्या जुन्या चाव्या. एक शोधायला जावं, तर दहा हाती लागतात. आमच्या जळगाव जामोदच्या कॉलनीत तर इंगळे मॅडममुळे त्यांचा ढीग झालाय!

मॅडम रिटायर्ड शिक्षिका. कॉलनीतली निम्मी माणसं नवी, गावोगावची. एकमेकांशी बोलायचं नाव नाही. मॅडमनी दर रविवारी संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकायला सुरुवात केली. नियम एकच, "सोताची फजिती सांगा. दुसऱ्याची सांगसान तं उठवून देईन!" काय बाई आहे!

पहिली फजिती त्यांचीच. शाळेत एक माणूस भर तासाला दारात आला. मॅडम कडाडल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं!" बिचारा अर्धा तास उन्हात उभा. तपासणीला आलेले साहेब होते! शेरा मारून गेले, "शिस्त उत्तम."

देशमुख साहेब तहसीलमधले क्लार्क. जन्मभर लोकांचे फॉर्म चुका काढून परत पाठवले. स्वतःच्या पेन्शनच्या फॉर्मवर मात्र 'मृत व्यक्तीचे नाव' या रकान्यात स्वतःचंच नाव लिहिलं! वहिनी म्हणाल्या, "मंग रोज सकाळी चहा कोन मागून राह्यलं बाप्पा?"

गेल्या महिन्यात चौदा नंबरात सलीम शेख भाड्यानं आला. इलेक्ट्रिशियन. मुलीचं नाव नुकतंच इथल्या शाळेत घातलेलं. लगेच घरमालकासाठी अर्ज तयार झाला, 'हे भाडेकरू नकोत.' कारण कुणी लिहिलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. पहिली सही पूजा सांगणाऱ्या जोशी महाराजांची, तिसरी माझी. सांगायला लाज वाटते. देशमुख साहेब सोमवारी तो नेऊन देणार होते.

रविवारी मॅडमनी सलीमला मुद्दाम बोलावलं. त्याच्या कानावर अर्जाचं आलेलंच होतं. तरी उभा राहिला.

"सासऱ्याच्या घरी वायरिंग केली. बेल दाबली का पंखा फिरे! आता पाव्हण्याले गरम झालं, का सासरे म्हन्तात, 'जा, बाहेर जाऊन बेल दाबा.'"

सतरंजी हसून आडवी! हसले नाहीत फक्त महाराज. ते उठले.

"परवा सोळा नंबरात सत्यनारायण होता. चष्मा दुरुस्तीला. घरं सगळी सारखी! शिरलो, कलश मांडला, नारळ ठेवला. यजमानही गुपचूप समोर बसले. संकल्पाला नाव-गोत्र विचारलं. म्हणाले, 'सलीम शेख. मले वाटलं, नवीन मानसासाठी कॉलनीचा रिवाज असन. महाराज, दमले दिसता, चहा घ्या.'"

"मंग?" मॅडम.

"घेतला. दोन कप."

"यात कसली फजिती? घर चुकते मानसाचं."

महाराज म्हणाले, "घराची नव्हे हो. ज्याला हाकलायला पहिली सही केली, त्याच्याच घरी चहा पिऊन आलो, आणि त्याला सहीचं सांगायची हिंमत झाली नाही. देशमुख, काढा तो कागद खिशातून."

देशमुखांनी कागद दिला. महाराजांनी तो फाडला.

मागून सलीम म्हणाला, "महाराज, तुमचा नारळ आमच्याकडंच राह्यला. कवा येता?"