नववी डिस्क

लाइनवरच्या माणसांनी त्यांचं नाव कानसेन ठेवलं, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. नाव ठेवणारा केव्हाच निवृत्त झाला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पगाराच्या कागदावर वेगळं नाव आहे, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर खुद्द कानसेनच मागे वळून बघतील, कुणाला बोलावताहेत म्हणून.

काम सांगायला सोपं. उच्चदाबाची तार टॉवरला थेट बांधत नाहीत. बांधली तर वीज टॉवरमधून सरळ जमिनीत जाईल. मध्ये चिनी मातीच्या डिस्कची माळ टांगलेली असते, एकाखाली एक नऊ डिस्क, आणि सगळ्यात खाली तार. वीज अडवून धरायची ती या डिस्कनी. आता गंमत अशी, की एखादी डिस्क आतल्या आत तडकते आणि बाहेरून दिसते अगदी चकचकीत. दुर्बीण लावा नाहीतर डोळे फाडून बघा, पत्ता लागत नाही. मग टॉवरवर चढायचं, लांबलचक काठीच्या टोकाचे धातूचे दोन दात एकेका डिस्कच्या वर-खाली टेकवायचे आणि कान द्यायचा. चर्र वाजली तर डिस्क जिवंत. गप्प राहिली तर मेली. तारेजवळची पहिली कशी खणखणीत बोलते, आणि वर टॉवरकडे जावं तसा आवाज बारीक होत जातो. आठवी-नववी म्हणजे कानाशी डास यावा, बस इतकंच.

नऊपैकी दोन मेलेल्या खपवून घेतात. तिसरी सापडली की काठी तिथेच काढून घ्यायची, पुढच्या डिस्कला लावायचीसुद्धा नाही, आणि मुकाट्याने खाली उतरायचं. कारण काठी टेकवली की ती डिस्क तेवढ्यापुरती कामातून जाते आणि सगळा भार उरलेल्यांवर पडतो. तीन मेलेल्या असताना असला आगाऊपणा करणारा घरी परत येईलच असं नाही. हा नियम कानसेननी तीस वर्षं नव्या माणसांच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवला होता.

असा माणूस बहिरा व्हायला लागला, तर त्याने ते कुणाला सांगावं?

कुणालाच नाही सांगितलं. कानसेन सगळ्याला "हो हो" म्हणायला लागले. साहेब काही बोलले, हो हो. मुलीने काही विचारलं, हो हो. एकदा जावयाने विचारलं, "बाबा, गाडीची किल्ली कुठे ठेवलीत?" त्यावरही हो हो. बायको म्हणाली, "यांना आजकाल सगळंच पटतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आता कुठे सुधारले." सगळे हसले. कानसेनही हसले, अर्धं ऐकू आलं होतं म्हणून.

पण काठीला हो हो म्हणून भागत नाही. पावसाळा संपल्यावरच्या तपासणीत त्यांनी अकरा डिस्क बाद केल्या. त्या बदलून टेस्टिंगच्या खोलीत गेल्या. तिथे एक तरुण इंजिनिअर बाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. मॅडमनी एका दुपारी त्यांना बोलावून घेतलं.

"काका, रागावू नका. अकरापैकी दहा चांगल्या निघाल्या."

"तुमच्या मशीनचं काहीतरी बिघडलंय."

"मशीन दोनदा तपासलं. आणि काका, या दहाच्या दहा सातवी, आठवी नाहीतर नववी आहेत. खालची एकही नाही. असं कसं?"

कानसेनना तेव्हाच कळलं असं कसं ते. पण तोंडाने म्हणाले, "त्या दिवशी वारा फार होता," आणि चहा न घेताच बाहेर पडले.

आता इथे शहाण्या माणसाने कान दाखवायला डॉक्टरकडे जावं की नाही? कानसेननी कानाला खडा लावला तो भलताच: यापुढे वरच्या डिस्क उगाच बाद करायच्या नाहीत. त्या गप्प वाटल्या तरी गप्प नसतात, आपलाच कान गप्प असतो, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडून टाकला. नदीपलीकडच्या त्रेसष्ट नंबरच्या टॉवरवर सहावीपासून नववीपर्यंत काहीच वाजलं नाही. कानसेन दोन मिनिटं काठी धरून थांबले. मग खाली उतरले आणि फॉर्मवर लिहिलं, नऊच्या नऊ चांगल्या.

त्या कागदावर हॉटलाइनच्या टोळीला परवानगी मिळाली. ही टोळी वीज चालू असतानाच तारेवर काम करते. त्रेसष्टवर त्यांना तार धरून ठेवणारा झिजलेला क्लॅम्प बदलायचा होता. आणि त्या दिवशी वर चढणार होता कानसेनचा जावई. तो याच टोळीत कामाला होता आणि त्या दिवशी पाळी त्याची होती. आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "बाबांनी तपासलेला टॉवर आहे. मी तर डोळे मिटून चढेन." हे वाक्य कानसेनना नीट ऐकू आलं. नको तेवढं नीट.

सकाळी बायकोला ताप होता. तिने थर्मामीटर काखेत धरला आणि म्हणाली, "वाजला की सांगा, माझा डोळा लागतोय." कानसेन खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले. बसले ते बसलेच. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा झाले, वीस झाले. इतका वेळ लागतो होय, असं त्यांच्या मनात आलं.

बायकोने डोळे उघडले. "अहो, झोपलात की काय? केव्हाचा वाजून वाजून गप्प झाला मेला!"

"वाजला?"

"दोनदा वाजला. मला गुंगीत ऐकू आला नि तुम्ही टक्क जागे!" मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि आवाज उतरला. "अहो, तुम्हाला ऐकू आला नाही का?"

कानसेन उठले. जावयाला फोन लावला, पण चढण्याआधी टोळीचे फोन गाडीत बंद करून ठेवतात हे त्यांनाच आठवलं. मग साहेबांना लावला.

"साहेब, त्रेसष्टचं काम थांबवा. वायरलेसवर सांगा. आत्ताच्या आत्ता."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला. 'का' असणार, दुसरं काय असणार.

"मी तपासलं नाही. म्हणजे चढलो, काठी लावली, पण मला वरच्या चारही ऐकू आल्या नाहीत. मी अंदाजाने चांगल्या लिहिल्या. माझे कान गेलेत, साहेब. दोन वर्षं झाली." एवढं बोलून त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला. "ते काय म्हणताहेत ते ऐक आणि मला सांग."

बायकोने फोन कानाला लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण निरोप तिने नीट घेतला. "थांबवतो म्हणाले. तुम्हाला तिकडे बोलावलंय."

त्रेसष्टखाली टोळी गाडीला टेकून उभी होती. जावयाच्या कमरेला पट्टा तसाच बांधलेला. तो पाच पायऱ्या चढला होता, तेव्हा वायरलेस वाजला होता. साहेबांनी फक्त बोटाने वर दाखवलं. वर मॅडम होत्या, कानसेनचीच काठी हातात घेऊन.

कानसेन मान वर करून बघत राहिले. काठी पहिल्या डिस्कला लागली. दुसरीला. पाचव्या डिस्कपर्यंत ती भराभर सरकली. सहावीवर थांबली, पुन्हा टेकली, पुन्हा थांबली. सातवीवरही तसंच. एक चांगली निघू दे, कानसेन मनात म्हणत होते, एक तरी चांगली निघू दे, मग मला वेडा म्हणा, घरी बसवा, काय वाटेल ते करा.

आठवीवर काठी तीनदा टेकली. मग मॅडमनी ती अलगद काढून घेतली, आडवी धरली आणि खाली उतरायला लागल्या. नववी डिस्क त्यांनी तपासलीच नाही.

कानसेन होते तिथेच मातीत खाली बसले. जावयाने पट्टा सोडला, जवळ आला आणि त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. त्याचे ओठ हलले.

कानसेनची मान सवयीने हो म्हणायला हलली होती. त्यांनी ती थांबवली.

"काय म्हणालास?" ते म्हणाले. "मोठ्याने बोल, बाळा. मला ऐकू येत नाही."