समोरून येणारा माणिक

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी सायकलची चेन पुसत बसलो होतो. "भाऊजी, हे गेले... झोपेतच." एवढंच त्या बोलल्या. आदल्याच रविवारी माणिक मला माळाकोळीच्या अलीकडे भेटला होता आणि निघताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला होता.

आम्ही दोघं जळकोटच्या एकाच शाळेतले. पुढं तो लातुरात बियाण्याचं दुकान थाटून बसला, मी नांदेडला विष्णुपुरीत मास्तरकी केली. पन्नाशीत दोघांनाही सायकलीचं खूळ लागलं. लागलं म्हणजे त्यानं लावलं. घरच्यांनी कपाळावर हात मारला. मग आमचा एक नेम ठरला. रविवारी उजाडलं की त्यानं लातुराहून निघायचं, मी नांदेडहून. वाटेत फोन करायचा नाही. जिथं समोरासमोर येऊ तिथं उतरायचं, जवळच्या टपरीवर चहा घ्यायचा, तासभर गप्पा मारायच्या आणि आपापल्या गावाला वळायचं. अहमदपूरच्या अलीकडे, म्हणजे नांदेडच्या बाजूला, भेट झाली तर तो जिंकला, पलीकडे झाली तर मी.

मी कधी जिंकलोच नाही. नवे टायर घातले, पोटाचा घेर कमी केला, भात सोडला. तरी हा पठ्ठ्या माझ्याच हद्दीत समोरून येताना दिसायचा, पिवळी जर्सी, दात काढून हसत.

"कुठं अडकलास रं दत्ता? म्हातारा झालास की!"

"तुला वारं पाठीवर हाय, म्हणून मिजास करून राहिलास."

"वारं काय मला उचलून आणून राहिलं काय? पाय हालीव, पाय!"

मला त्याचा खरोखर राग यायचा. आणि सोमवारपासून मी रविवारची वाट बघायचो.

तेराव्यानंतर लातूरला गेलो. बोलता बोलता मी वहिनींना म्हणालो, माणिकची ताकद काही औरच होती. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "ताकद कसली भाऊजी? ते उजाडायची वाट कुठं बघत होते? अंधारातच बत्ती लावून निघायचे. म्हणायचे, दत्ताचे गुडघे गेलेत, पण गडी कबूल करणार न्हाई. त्याला लई लांब येऊ द्यायचं न्हाई."

"चोर लेकाचा!" माझ्या तोंडून निघून गेलं. वहिनी हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. मला मात्र रडू येईना. त्याच्याशी कडाकडा भांडायचं होतं आणि भांडायला तो नव्हता. अजूनही मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

गेल्या रविवारी, समोरून तो येणार नसताना, पहिल्यांदा निघालो. समोरून काही पिवळं दिसलं की पाय आपोआप जोर धरायचे. कधी दुधाच्या कॅनवर टाकलेलं फडकं असायचं, कधी शाळेची बस. लोहा गेलं, माळाकोळी गेली, गुडघा ठणकायला लागला. कुठून वळायचं, हे इतक्या वर्षांत मी कधी ठरवलंच नव्हतं. तो दिसला की आमचा रस्ता संपायचा. अहमदपूर आलं, शिरूरही आलं, मी थांबलो नाही. चाकूरच्या वाटेवर उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा उतरलो. एवढ्या लांब मी कधीच आलो नव्हतो. म्हणजे मी जिंकलो होतो. सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडलो.