कंडक्टरबाईची भरलेली बाटली

दर सोमवारी मी कामासाठी शहाद्याहून धडगावला जायचो. त्या एसटीवर चाळिशीची एक कंडक्टरबाई असे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मला मधुमेह आहे. डॉक्टरांनी दिवसाला अडीच लिटर पाणी सांगितल्यापासून मी बाटलीवर पाव पाव लिटरच्या खुणा केल्या आहेत.

तिचीही बाटली सीटखाली असे. तिकिटं झाली की ती घोटभर पाणी तोंडात खेळवायची आणि खिडकीतून टाकून द्यायची. गिळताना तिला मी कधीच पाहिलं नाही.

एकदा माझ्या खुणांकडे बघून ती हसली. "काय भाऊ, पानी बी मोजी मोजी पी ऱ्हायनात?"

"शुगर आहे, ताई. पाणी कमी पडलं की रक्तातली साखर आणखी चढते."

"माले बी शे. डॉक्टर म्हने, पानी पे, नै तं किडनी जाई." तिकिटाच्या मशीनमध्ये नवा कागद घालत ती म्हणाली, "पानी पिसू भाऊ, पन मंग जासू कोठे?"

मी स्टँडवरच्या मुतारीचं नाव काढलं. बायकांच्या बाजूला कित्येक महिने कुलूप असल्याचं तिने सांगितलं. मला ते माहीत नव्हतं, कारण आमची बाजू उघडीच असायची.

पुढे घाटात ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे गाडी थांबवली. आम्ही पुरुष उतरून झाडांआड गेलो. परत आलो तेव्हा ती दारात उभी राहून आम्हाला मोजत होती. तिचे ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते.

"आखो कोनी ऱ्हायना का?" तिने विचारलं.

"आणखी कोणी राहिलं नाही," मीच म्हणालो, आणि तिने घंटी दिली.