आवाज आईचा, चेहरा भलत्याच बाईचा

डोकं जाम फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

आज नावडे गावात मामेभावाची, निखिलची हळद होती. माझी आई धवलारीण आहे, आगरी लग्नात विधींची गाणी तीच गाते. निखिलने तिच्या गाण्यावर एआयने व्हिडिओ बनवला. आवाज मीच मोबाइलवर रेकॉर्ड करून दिला होता.

मांडवात मोठ्या स्क्रीनवर तो लागला. ढगांतून उडणारी होडी, चांदीचे मासे आणि आईच्या आवाजात गाणारी गोरीपान राजकन्या! लोक शिट्ट्या मारत होते.

आई गायला उठली, तर निखिल म्हणतो, "आत्या, तू बस ना आरामात. व्हिडिओ आहे ना."

"यात आत्या कुठे आहे रे?" मी विचारलं.

"ताई, फॅन्टसी आहे. त्यात आत्या कशी चालेल?"

होडी उडालेली चालते, पण त्या होडीत माझी सावळी, साठीची आई चालत नाही?

आईने हळूच मला विचारलं, "बाय, माज्या आवाजान गाते ती कोन हाय गो?"

मी सरळ स्क्रीनची वायर खेचली.

आता सगळे म्हणतात, मी हळदीत तमाशा केला. तुम्हीच सांगा, तमाशा कुणी केला?