गोड्या पाण्यानं धुतलेला चिखल

चिखल धुवायला पाणी कुठलं घ्यावं, हा प्रश्न नागपूरच्या माणसाला पडतच नाही. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे जिला कोणी तोंड लावत नाही अशी विहीर. म्हणून ऑगस्टात, कोकणातल्या एका खाडीवर पाऊस कोसळत असताना, होडीवाल्याच्या पडवीत बसून मी खाडीच्या तळाचा चिखल त्याच्या विहिरीच्या गोड्या पाण्यानं चाळला. होडीवाला बाजाराला गेला होता. मे महिन्यात तो होडीत बसून खाडीचंच पाणी ओतायचा. मला वाटलं, विहिरीपर्यंत जायचा त्याला कंटाळा! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी वर दोन कप चहा प्यालो.

ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे बेडूक उघडून मुलांना दाखवायचो. ऋतू बदलले की खाडीच्या तळाशी राहणाऱ्या किड्यांचं, शिंपल्यांचं काय होतं, हा विषय सरांनी दिला होता. प्रबंध वेळेत झाला तर लेक्चररची कायमची जागा मिळणार होती. त्या जागेसाठी मी संत्र्याच्या पेटीत तणस घालून, त्यात बरण्या रोवून, आगगाडी नि एस.टी.नं समुद्र गाठायचो. लोक विचारायचे, संत्री कोणाला नेता? मी म्हणायचो, किड्यांना.

मेमधल्या बरण्यांत जत्रा होती. गांडुळासारखे, पण दोन्ही अंगांना कंगव्यासारखे पाय असलेले किडे, इवल्याशा शिंपल्या, सगळं अख्खं. ऑगस्टातल्या तीन बरण्या मात्र भिंगाखाली रिकाम्या दिसल्या. किड्यांनी राहायला केलेल्या चिखलाच्या नळ्या होत्या, आत कोणी नव्हतं. बाकी नुसते तुकडे.

सर खुर्चीतून उठलेच. "पावसानं तळ धुऊन काढला बघ! हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा."

डिसेंबरात पुन्हा खाडीवर गेलो, तेव्हा सवयीनं होडीवाल्याकडे विहिरीची बादली मागितली.

"ती कशाला, मास्तर?"

"चिखल धुवायला."

तो हसला. "खारातल्या जिवाला गोडं पाणी म्हणजे विखच की! फुगून फुटतात ते."

"पण पावसात खाडीही गोडी होतेच ना?"

"वरून होते. खाली चिखलात खार उरतो. मग जगायचे ते खोल जाऊन बसतात." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं विचारलं, "पावसात कुठलं घेतलं होतंत?"

मी त्याच्या विहिरीकडे बघितलं. त्याचं हसू मावळलं.

घरी त्या तीन बरण्या फळीवर होत्या. त्यांच्याकडे पाठ करून बसलं तरी त्या मागं आहेत हे पाठीला कळायचं. फॉर्मॅलिनचा वास बंद झाकणातून येत नाही, हे मीच मुलांना शिकवायचो; मला मात्र तो वरणात यायचा. दुपारी मोरीत बायको अंबाडीची भाजी धुवायला बसली आणि पाण्याची धार पडली, की मी उठून बाहेर जायचो. एकदा तिनं हाक मारली, "काहून पळून राहिले? भाजी तर मीच निवडून राहिली ना!"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं हात पुसले. "म्हणजे पावसानं मारले, का तुम्ही, हे कोनालेच समजत नाही?"

"नाही."

"मंग सरांलेबी नाही समजनार."

"नाही."

ती पुन्हा भाजीकडे वळली. कायमच्या जागेवर तिनं काय काय रचून ठेवलं होतं, ते मला ठाऊक होतं.

दोन दिवस मी बेडूक उघडले. तिसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझ्याचमुळं मेले, अशी खात्री आहे?"

"नाही. पावसामुळं मेले, अशीही नाही."

"मग पुढच्या ऑगस्टात परत जा," ते म्हणाले. जागेबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. जूनमध्ये ती दुसऱ्याला मिळाली.

ऑगस्टात भर पावसात, होडीवाल्यानं डोक्यावर इरलं धरलेलं असताना, मी खाडीच्याच पाण्यानं चिखल चाळला. मेच्या मानानं फार थोडे होते. पण होते. अंग मुडपून बसलेले, अख्खे. एकानं माझ्या बोटाला विळखा घातला आणि मी हात झटकायचा विसरलो. म्हणजे गेल्या वर्षीही कितीतरी असेच बसले असतील, पाऊस सरायची वाट बघत, मी बादली उपडी करेपर्यंत.

नागपूरला परतल्यावर पहिलं काम म्हणून जुन्या तीन बरण्या फळीवरून उतरवल्या. परसात खड्डा खणून त्या रित्या करणार होतो. बायको दारात उभी राहून बघत होती.

"कुठं नेता?"

"पुरतो. आता यांचा काही उपयोग नाही."

तिनं माझ्या हातातली एक बरणी घेतली, पदरानं पुसली आणि परत फळीवर ठेवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "वर्स काढलं त्यायनं आपल्या घरात. आता कोनाकडे धाडता?"